डिसेंबरात ‘मेरी ख्रिसमस’ लिहायचं की ‘सीझन्स ग्रीटिंग्ज’? आधी यादी उघडा

प्रश्न असा आहे: कामानिमित्त वेगवेगळ्या देशांतल्या शे-दोनशे माणसांना दर डिसेंबरात शुभेच्छा पाठवायच्या असतात. ‘मेरी ख्रिसमस’ लिहावं तर ख्रिस्ती नसलेल्यांना खटकेल. ‘हॅपी हॉलिडेज’ लिहावं तर ख्रिस्ती माणसाला वाटेल, आपल्या सणाचं नाव घ्यायलाही यांना जड जातंय. मग सगळ्यांना चालेल असा एकच मजकूर कोणता?

तसा मजकूर आहे, दोन-तीन ओळींचा आहे, आणि खाली दिलाही आहे. पण शब्दांवर खल करण्याआधी यादी उघडा. शुभेच्छा फसतात त्या बहुतेक वेळा चांगला शब्द भलत्या माणसाला किंवा भलत्या तारखेला गेल्यामुळे.

यादीचे तीन गट करा. ज्यांचा सण कोणता हे पक्कं ठाऊक आहे ते पहिल्या गटात. ज्यांचं ठाऊक नाही ते दुसऱ्या. हाच गट सगळ्यांत मोठा निघतो आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. तिसऱ्या गटात ती माणसं, ज्यांना या महिन्यात शुभेच्छा पाठवायच्याच नाहीत. पहिल्यांना सणाचं नाव घेऊन लिहायचं, दुसऱ्यांना तटस्थ, तिसऱ्यांना साधं आभाराचं पत्र.

‘पक्कं ठाऊक’ याचा अर्थ मात्र कडक ठेवा. त्या माणसाने स्वतः सांगितलेलं असेल किंवा तुम्हाला तशा शुभेच्छा पाठवल्या असतील, तरच. नावावरून आणि देशावरून अंदाज बांधायचा नाही. अरबी नावाचा माणूस इजिप्तमधल्या कॉप्टिक पंथाचा ख्रिस्ती असू शकतो, जर्मन आडनावाची बाई ज्यू असू शकते, आणि ख्रिस्ती घरात जन्मलेला माणूस धर्म सोडून वीस वर्षं झालेला असू शकतो. सोपी रीत अशी: मेलमध्ये त्या माणसाचं नाव टाकून मागच्या दोन डिसेंबरांची पत्रं काढा आणि शेवटची ओळ बघा. त्याने ‘मेरी ख्रिसमस’ लिहिलं असेल तर तुम्हीही तेच लिहा. ‘हॅपी हॉलिडेज’ असेल तर तेच परत. काहीच नसेल तर दुसरा गट. शंभर नावांना तासभर लागतो आणि पुढच्या वर्षी बराचसा उपयोग तसाच होतो.

तिसऱ्या गटाकडे सहसा कुणी लक्ष देत नाही. ‘यहोवाचे साक्षीदार’ या पंथाचे ख्रिस्ती नाताळ पाळत नाहीत. कट्टर प्रोटेस्टंट परंपरेतल्या काही ख्रिस्ती पंथांनाही तो सण मान्य नव्हता: अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ ते १६८१ या काळात नाताळ साजरा केल्यास पाच शिलिंग दंड होता, आणि स्कॉटलंडमध्ये २५ डिसेंबरला सार्वजनिक सुट्टी मिळाली ती थेट १९५८ मध्ये. तेव्हा ‘ख्रिस्ती म्हणजे नाताळ’ हे गणितही डोळे मिटून मांडू नका. याच गटात वर्षभरात घरातलं माणूस गेलेले लोक येतात. त्यांना छापील ‘आनंदी’, ‘हर्षोल्हासाच्या’ वगैरे काही जाऊ नये; चार ओळी हाताने लिहा किंवा गप्प राहा. जपानमध्ये तर याची रीतच ठरलेली आहे. ज्या घरात त्या वर्षी मृत्यू झाला ते घर वर्ष संपायच्या आधी ‘मोचू हागाकी’ नावाचं पोस्टकार्ड पाठवून कळवतं, की आम्ही शोकात आहोत, यंदा आम्ही नववर्षाची कार्डं पाठवणार नाही. असं कार्ड आलं की ते नाव त्याच दिवशी यादीतून वगळा. ‘नंतर करू’ म्हटलं की छपाईला जातंच.

आता एक धोका. हे गट करताना एक्सेलमध्ये ‘धर्म’ असा रकाना कृपया उघडू नका. युरोपीय संघाच्या जीडीपीआर या माहितीसंरक्षण नियमावलीच्या कलम ९ नुसार धार्मिक श्रद्धा ही विशेष संरक्षित माहिती आहे, आणि युरोपातल्या ग्राहकांच्या नावापुढे ती लिहून ठेवणं म्हणजे फुकटचं लफडं ओढवून घेणं. मध्यवर्ती यादीत फक्त ‘सर्वसाधारण कार्ड’ आणि ‘वगळा’ एवढ्याच दोन खुणा असाव्यात. सणाचं नाव घेऊन लिहायच्या शुभेच्छा ज्याची त्या माणसाशी ओळख आहे त्याने स्वतःच्या मेलवरून स्वतः पाठवाव्यात. त्या तशाच जास्त आवडतात, हा वरचा फायदा.

यादी झाली. आता शब्दांकडे, कारण वाद तिथे आहे.

‘हॅपी हॉलिडेज’ हे अलीकडचं, धर्माला बाजूला सारण्यासाठी काढलेलं खूळ आहे, हा समज चुकीचा आहे. अमेरिकन इंग्रजीत हा प्रयोग एकोणिसाव्या शतकापासूनचा आहे, आणि खुद्द ‘हॉलिडे’ हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या ‘पवित्र दिवस’ या अर्थाच्या शब्दातून आला आहे. दुसऱ्या बाजूची गफलत म्हणजे ‘एक्समस’ (Xmas). यात ख्रिस्ताचं नाव खोडलं असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात तो एक्स म्हणजे ‘ख्रिस्तोस’ या ग्रीक शब्दाचं पहिलं अक्षर, आणि हे लघुरूप शतकानुशतकं ख्रिस्ती लोकच वापरत आले. तरीही कार्डावर ‘एक्समस’ लिहू नका. जे कार्ड समजावून सांगावं लागतं ते फसलेलं कार्ड.

कार्डाची प्रथाही फार जुनी नाही. पहिलं व्यापारी नाताळकार्ड १८४३ मध्ये लंडनला हेन्री कोल यांनी काढलं, चित्र जॉन कॅलकॉट हॉर्सली यांचं. सुमारे हजार प्रती, किंमत एक शिलिंग. त्यावर नाताळ आणि नववर्ष अशा दोन्हींच्या शुभेच्छा होत्या, आणि लोक चिडले ते भलत्याच कारणाने: चित्रातल्या कुटुंबात लहान मुलालाही वाइन पाजताना दाखवलं होतं. म्हणजे चित्र मजकुराला बुडवतं हे पहिल्याच कार्डाने दाखवून दिलं. चित्रांकडे पुढे येतोच.

‘मेरी ख्रिसमस’ की ‘हॅपी हॉलिडेज’ हे भांडण प्रामुख्याने अमेरिकेतलं आहे. तिथेही ते वाटतं तेवढं मोठं नाही. दुकानांनी ग्राहकांना काय म्हणावं, हे प्यू रिसर्च सेंटरने २०१७ च्या डिसेंबरात विचारलं तेव्हा ५२ टक्के लोक म्हणाले, काही फरक पडत नाही; ३२ टक्क्यांना ‘मेरी ख्रिसमस’ हवं होतं आणि १५ टक्क्यांना ‘हॅपी हॉलिडेज’सारखं काहीतरी. ज्यांना फरक पडतो ते मात्र मोठ्याने बोलतात. २००५ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या कार्डावर ‘ख्रिसमस’ शब्द नव्हता म्हणून त्यांच्याच बाजूचे लोक रागावले, आणि त्याच कार्डावर बायबलमधल्या स्तोत्राची ओळ छापलेली होती! सगळ्यांना खूश करणारा शब्द शोधण्यात महिना घालवू नका, तो नाही.

बाकीच्या भाषांत तटस्थ शुभेच्छा रुळलेल्या आहेत. फ्रेंचमध्ये ‘ज्वायेझ फेत’, स्पॅनिशमध्ये ‘फेलिसेस फिएस्तास’, इटालियनमध्ये ‘बुओने फेस्ते’: तिन्हींचा अर्थ ‘सणाच्या शुभेच्छा’ असाच, आणि चर्चला नेमाने जाणारी माणसंही ते सहज म्हणतात. समोरच्याची भाषा येत असेल तर हे प्रयोग बिनधास्त वापरा. मराठीत लिहायचं असेल तर ‘सीझन्स ग्रीटिंग्ज’चं ‘हंगामाच्या शुभेच्छा’ करू नका. पीकपाण्याचं पत्र वाटतं. ‘सणासुदीच्या शुभेच्छा’ म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे डिसेंबर येत नाही. मराठीत सरळ ‘नाताळच्या शुभेच्छा’ किंवा ‘नव्या वर्षाच्या शुभेच्छा’ असे दोनच प्रयोग नैसर्गिक आहेत. ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आलेला, पण तो इतका मुरलाय की त्यात धर्माचा आवाज ‘ख्रिसमस’पेक्षाही कमी ऐकू येतो.

तारखा. माझ्या मते निम्म्या चुका इथे होतात.

ज्यूंचा हनुक्का ज्यू पंचांगाप्रमाणे येतो आणि इंग्रजी तारखेत दरवर्षी सरकतो. कधी नोव्हेंबरअखेरीसही सुरू होतो. तो आठ दिवसांचा असतो आणि आदल्या संध्याकाळी सूर्यास्ताला सुरू होतो. २०२४ मध्ये पहिली रात्र नेमकी २५ डिसेंबरला आली म्हणून अनेकांनी ‘दोन्ही सण एकत्रच’ असं मनात धरलं. २०२५ मध्ये तो १४ डिसेंबरच्या संध्याकाळी लागला. २०२६ मध्ये ४ डिसेंबरच्या संध्याकाळी लागून १२ तारखेला संपतो, तेव्हा १८ डिसेंबरला ‘हॅपी हनुक्का’ पाठवलंत तर सण आटोपून जवळजवळ आठवडा झालेला असेल. २०२७ मध्ये पहिली रात्र २४ डिसेंबरची. आणखी एक गोष्ट: धार्मिकदृष्ट्या हनुक्का हा ज्यूंचा मोठा सण नव्हे. नाताळच्या शेजारी येतो म्हणून त्याला बाहेर महत्त्व आलं. एखाद्या ज्यू ग्राहकाला खरोखर मनापासून काही पाठवायचं असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरात येणारं त्यांचं नववर्ष, रोश हशाना, गाठा. डिसेंबरात हनुक्काचं नाव ओढूनताणून घेण्यापेक्षा ते शंभरपट बरं.

नाताळही एकाच दिवशी नसतो. रशियन, सर्बियन, जॉर्जियन, कॉप्टिक आणि इथिओपियन चर्च ७ जानेवारीला पाळतात, कारण ती जुनी कॅलेंडरं धरून आहेत. ग्रीस, रुमानिया, बल्गेरिया हे ऑर्थोडॉक्स, म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या ख्रिस्ती परंपरेतले, असूनही २५ डिसेंबरवाले. आर्मेनियन चर्च ६ जानेवारीला. युक्रेनने २०२३ मध्ये सरकारी सुट्टी ७ जानेवारीवरून २५ डिसेंबरवर आणली, तेव्हा जुनी यादी तिथे दुरुस्त करा. चुकीची तारीख, म्हणजे रशियन चर्चची तारीख, तिथे आज नुसती चूक राहत नाही, तिला राजकीय अर्थ येतो. ७ जानेवारीवाल्यांना लिहिताना क्रमही उलटा हवा: आधी नववर्ष, मग नाताळ.

क्वान्झा हा २६ डिसेंबर ते १ जानेवारी असा आफ्रिकन-अमेरिकन समाजाचा उत्सव, १९६६ मध्ये मौलाना करेंगा यांनी सुरू केलेला. तो धार्मिक नाही, सांस्कृतिक आहे. आणि माणूस कृष्णवर्णीय आहे एवढ्यावरून तो पाळत असेल असं धरणं म्हणजे वर सांगितलेलीच अंदाजाची चूक. ‘ख्रिसमस, हनुक्का, क्वान्झा’ अशी नावांची माळ लावलेली कार्डंही मी टाळायला सांगेन. ज्याचं नाव सुटतं त्याला ते दिसतं.

मुस्लिम सण चांद्र वर्षामुळे दरवर्षी साधारण अकरा दिवस मागे सरकतात, त्यामुळे सध्या डिसेंबरात ईद नाही. २०३० मध्ये मात्र रमजान दोनदा सुरू होईल, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरअखेरीस. तेव्हा मेजवानीची चित्रं असलेलं कार्ड त्या मंडळींना उपासाच्या दिवसांत पोचेल.

‘विंटर’ हा शब्दही जपून. तटस्थ म्हणून ‘विंटर ग्रीटिंग्ज’ निवडलं आणि ते ऑस्ट्रेलियाला, दक्षिण आफ्रिकेला, अर्जेंटिनाला गेलं, की तिथे ऐन उन्हाळा.

आता चित्रं. मजकुरात ‘सीझन्स ग्रीटिंग्ज’ आणि वर सजवलेलं झाड, होली वृक्षाची पानं, बेथलेहेमचा तारा, सांता असेल तर ते नाताळकार्डच आहे. तुम्ही फक्त नाव घ्यायचं टाळलंत, एवढंच वाचणाऱ्याला दिसतं. अशी अर्धवट तटस्थता दोन्ही बाजूंना खुपते. नाताळकार्ड पाठवायचं तर नाव घेऊन पाठवा. तटस्थ पाठवायचं तर लाल-हिरवा रंग, घंटा, तारे, झाड, बर्फ सगळं काढा. उरतं काय? साधा एकरंगी कागद आणि चांगलं अक्षर, किंवा तुमच्या कामाचा वा सहकाऱ्यांचा एखादा खरा फोटो. तो नेहमीच सरस ठरतो.

हनुक्काचं चित्र लागलंच तर मेणबत्त्या मोजा. सात फांद्यांचा दीपवृक्ष म्हणजे प्राचीन ज्यू मंदिरातला मेनोरा. हनुक्काचा नऊ फांद्यांचा असतो, आठ रात्रींच्या आठ आणि त्या पेटवण्याची एक, जी इतरांपेक्षा वेगळ्या उंचीवर किंवा बाजूला असते. फोटोंच्या तयार संग्रहांत ‘हनुक्का’ शोधलं की सात फांद्यांची चित्रं सर्रास पुढे येतात. त्यातच क्वान्झाचा ‘किनारा’ नावाचा दीपवृक्ष मिसळतो. त्यातही सात मेणबत्त्या, पण तीन लाल, मध्ये एक काळी आणि तीन हिरव्या.

सरकारी इमारत असेल तर चित्राचा प्रश्न थेट कायद्याचा होतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये पिट्सबर्गच्या प्रकरणात तिथल्या काउंटी न्यायालयाच्या मुख्य जिन्यावर एकटाच मांडलेला येशूजन्माचा देखावा घटनाबाह्य ठरवला, आणि दुसऱ्या सरकारी इमारतीबाहेर ४५ फुटी नाताळवृक्षाशेजारी ठेवलेला हनुक्काचा १८ फुटी मेनोरा चालवून घेतला. खासगी कंपनीला हा निकाल लागू नाही. पण शेजारी काय ठेवलंय त्यावर चिन्हाचा अर्थ बदलतो, हे कार्डालाही तितकंच लागू आहे.

प्रत्यक्ष मजकूर बघू. नेहमी दिसतो तो असा: ‘तुम्हाला व तुमच्या कुटुंबीयांना नाताळ आणि सुट्ट्यांच्या आनंददायी शुभेच्छा! या काळात भरपूर विश्रांती घ्या आणि नव्या वर्षी नव्या जोमाने भेटू.’ यात चार खड्डे आहेत. ‘कुटुंबीयांना’: एकट्या राहणाऱ्याला, नुकत्याच विभक्त झालेल्याला टोचतं. ‘नाताळ’: माहीत नसलेल्या यादीला गेलंय. ‘विश्रांती घ्या’: रुग्णालय, कुरिअर, हॉटेल, विमानसेवा यांचा हाच सगळ्यांत दमवणारा पंधरवडा असतो. आणि ‘आनंददायी’ हे विशेषण कुठल्याही कार्डावर चिकटवता येतं, म्हणून ते कुणालाच लागत नाही. दुरुस्त केल्यावर: ‘यंदा तुमच्याबरोबर काम करताना बरं वाटलं, विशेषतः मार्चमधली ती घाईची ऑर्डर तुम्ही निभावून नेलीत त्याबद्दल आभार. वर्षअखेर सुखाची जावो आणि नवं वर्ष चांगलं जावो.’ सण नाही, ऋतू नाही, कुटुंब नाही, आणि तरी ओलावा आहे. मधलं वाक्य प्रत्येकासाठी वेगळं लिहायचं. तेवढं जमत नसेल तर ते गाळा, पण खोटं तपशिलाचं वाक्य सगळ्यांना एकसारखं पाठवू नका. दोन ग्राहक एकमेकांना ओळखत असतात.

या मजकुरालाही एक अपवाद, पुन्हा जपान. वर्ष उजाडण्याआधी तिथे नववर्षाचं अभिनंदन करत नाहीत. ‘वर्ष सुखरूप पार पडो’ अशा अर्थाचं ‘योई ओतोशी ओ’ म्हणतात. नववर्षाचं पोस्टकार्ड १ जानेवारीलाच दारात पडावं अशी तिथल्या टपालाची व्यवस्था आहे, त्यासाठी ते १५ ते २५ डिसेंबरच्या दरम्यान तिथल्या पेटीत पडायला हवं. फ्रान्समध्ये उलट निवांतपणा: नववर्षाच्या शुभेच्छा जानेवारी संपेपर्यंत चालतात. डिसेंबर हुकला असेल तर हा चांगला आडोसा आहे. एरवी मेल १० ते १८ डिसेंबरच्या दरम्यान पाठवा. विसाव्या तारखेनंतर पाठवलं की निम्मी उत्तरं ‘मी रजेवर आहे’ अशी यंत्राची येतात. टपालाने परदेशी जाणारं कार्ड नोव्हेंबरअखेरीस पेटीत. आणि शुभेच्छांच्या मेलमध्ये सवलतीचा कूपन कोड घालू नका. तो घातला की ती जाहिरात होते, आणि बऱ्याच देशांत जाहिरातीच्या मेलचे संमतीचे नियम तिला लागतात.

तोंडी शुभेच्छांचं फार अवघड नाही. समोरच्याने जे म्हटलं तेच परत म्हणा, किंवा ‘धन्यवाद, तुम्हालाही’. तुम्ही ख्रिस्ती नसलात तरी ‘मेरी ख्रिसमस’ला उत्तर देताना धर्म सांगायची गरज नसते, ब्रिटनमध्ये ‘हॅपी ख्रिसमस’ ऐकू आलं तर तेही तेच आहे. दुकानाच्या काउंटरवरच्या माणसांसाठी नियम करायचाच असेल तर एवढाच करा: ग्राहक म्हणेल ते परत म्हणायचं, तो काही म्हणाला नाही तर ‘दिवस चांगला जावो’. एखाद्या शब्दावर बंदी घातली की वाद होतो, सक्ती केली की श्रद्धेमुळे तो शब्द न उच्चारणारा कर्मचारी अडचणीत येतो.

कार्यक्रमाचं नाव मात्र खरं ठेवा. झाड, कॅरल म्हणजे नाताळची गाणी, आणि सांता असणार असेल तर पत्रिकेवर ‘ख्रिसमस पार्टी’च लिहा, म्हणजे यायचं की नाही हे लोकांना ठरवता येतं. ‘वर्षअखेर स्नेहमेळावा’ म्हणून बोलावून आत कॅरल गायला लावणं ही फसवणूक वाटते. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम महापालिकेने १९९७ आणि १९९८ च्या हिवाळ्यात शहरातल्या सगळ्या कार्यक्रमांच्या जाहिरातीला ‘विंटरव्हल’ हे एकच नाव दिलं होतं. त्या कार्यक्रमांत नाताळ नावासकट होता, कॅरल होत्या, तरी ‘नाताळचं नाव बदललं’ ही अफवा पुढे वर्षानुवर्षं छापून येत राहिली. युरोपीय आयोगानेही २०२१ मध्ये, सगळेच ख्रिस्ती आहेत असं धरून बोलू नका, ‘ख्रिसमसचा काळ’ऐवजी ‘सुट्ट्यांचा काळ’ म्हणा, असं सुचवणारा अंतर्गत मार्गदर्शक काढला, आणि टीका झाल्यावर नोव्हेंबरअखेरीस मागे घेतला. दोन्ही ठिकाणी लोकांनी ऐकलं ते एवढंच, की एक शब्द काढला जातोय.

शेवटी रजेच्या ऑटो-रिप्लायबद्दल. ‘ख्रिसमसच्या सुट्टीनंतर उत्तर देईन’ हे वाक्य ७ जानेवारीवाल्यांना वेगळं कळतं. तारखा लिहा: ‘२४ डिसेंबर ते १ जानेवारी कार्यालय बंद, २ जानेवारीपासून सुरू, तातडीचं काही असेल तर या क्रमांकावर’. मेलच्या सहीखाली शुभेच्छांचा बॅनर लावत असाल तर लावतानाच कॅलेंडरमध्ये तो काढायची आठवण टाका. नाहीतर फेब्रुवारीत थकीत बिलाच्या स्मरणपत्राखाली ‘नव्या वर्षाच्या हार्दिक शुभेच्छा’ झळकत राहतात.